शल्यकक्षातील उमेदवारी : बंगळुरूच्या रुग्णालयांतील शिकाऊ परिचारिकांचा इतिहास

बंगळुरूच्या रुग्णालयांविषयी जे लेखन उपलब्ध आहे त्यात इमारतींचे शिल्प, जमीन व पैसा देणारी राजघराणी, उद्घाटनाला आलेले व्हाइसरॉय आणि नामवंत शल्यविशारद यांना भरपूर जागा मिळाली आहे. मात्र शस्त्रक्रिया आटोपल्यावर रुग्ण जिथे आणला जातो, जिथे त्याची जखम भरते किंवा चिघळते आणि जिथे तो पायांवर उभा राहून घरी जाणार की नाही हे पुष्कळदा ठरते, त्या शल्यकक्षाचा, म्हणजे रुग्णालयाच्या रोजच्या बोलीतील ‘सर्जिकल वॉर्ड’चा, इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. या कक्षाचा रोजचा गाडा ज्यांनी ओढला त्यांत पगारी परिचारिकांच्या बरोबरीने अद्याप शिकत असलेल्या मुलींचा वाटा फार मोठा होता व आजही आहे. शिकाऊ परिचारिकेचा दिवस एवढा धावपळीचा का असतो, या प्रश्नाचे उत्तर सहसा रुग्णांच्या गर्दीत किंवा मनुष्यबळाच्या तुटवड्यात शोधले जाते. ही कारणे खरी असली तरी दुय्यम आहेत; मूळ कारण या शिक्षणाच्या रचनेत आहे, कारण आधुनिक परिचर्येचे शिक्षण जन्मापासूनच श्रमाच्या मोबदल्यात विद्या या करारावर उभे राहिले, आणि बंगळुरूत त्या कराराची दोन टोके एकाच शहराच्या इतिहासात पाहायला मिळतात.

हा करार लंडनचा. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे जमलेल्या निधीतून ९ जुलै १८६० रोजी सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली, तेव्हा तीत पंधरा ‘प्रोबेशनर’, म्हणजे उमेदवार म्हणून घेतलेल्या विद्यार्थिनी, होत्या. त्यांचा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड त्यांना मिळत, आणि त्याबदल्यात त्या कक्षात साहाय्यक परिचारिका म्हणून राबत. रुग्णालयाच्या मेट्रन, म्हणजे सर्व परिचारिकांच्या प्रमुख अधिसेविका, मिसेस वॉर्ड्रोपर या प्रत्येकीच्या वर्तनाची आणि कामाची नोंद दरमहा एका ठरावीक तक्त्यात करीत. या व्यवस्थेने परिचर्येला प्रतिष्ठा दिली, तिच्यातून शिस्त आणि निरीक्षणाची सवय आली, हे नाकारता येणार नाही; पण तिने रुग्णालयाच्या चालकांना आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती अशी की शाळा चालवणे हा खर्च नसून बचत आहे. ज्या रुग्णालयाशी शाळा जोडलेली आहे त्याला दरवर्षी आज्ञाधारक व स्वस्त हातांची नवी तुकडी मिळते, हे एकदा लक्षात आल्यावर ही पद्धत साम्राज्यभर पसरायला फार वेळ लागला नाही. दक्षिण भारतात मद्रासच्या सरकारी सामान्य रुग्णालयात १८७१ मध्ये चार विद्यार्थिनींना घेऊन परिचर्येचे शिक्षण सुरू झाले.

बंगळुरूत मात्र परिचारिकेच्या आधी तिची इमारत आली. १८०९ मध्ये वसवलेल्या ब्रिटिश छावणीच्या भागात, आज शिवाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीलगत, १८६८ च्या सुमारास एक नागरी रुग्णालय उभे राहिले आणि त्याला म्हैसूरचे कमिशनर लेविन बेंथम बोरिंग यांचे नाव मिळाले. या रुग्णालयाची आखणी पॅरिसच्या लारिब्वाझिएर रुग्णालयाच्या धर्तीवर केलेली होती. स्वतः नाइटिंगेल यांनी रुग्णालय-रचनेवरील आपल्या लेखनात ज्या नमुन्याची वाखाणणी केली, तोच हा ‘पॅव्हिलियन’ नमुना होय. त्यात एकमेकांपासून सुट्या, लांबट दालनांच्या ओळी असतात, दालनाच्या दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या असतात, खिडक्यांच्या मधल्या जागेत खाटा भिंतीला डोके लावून मांडलेल्या असतात आणि परिचारिकेला आपल्या जागेवरून संपूर्ण कक्ष एका नजरेत दिसतो. दूषित हवेतून रोग पसरतो अशी त्या काळची समजूत होती आणि ही सारी मांडणी त्या समजुतीवर आधारलेली होती. जंतुशास्त्राने पुढे ती समजूत खोडून काढली, तरी उजेड, मोकळी हवा आणि नजरेचा पहारा यांचा रुग्णाला फायदा झालाच. या रचनेचा दुसरा परिणाम मात्र वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही: सुमारे तीस खाटांवर एका व्यक्तीला नजर ठेवता येते असे इमारतीनेच सिद्ध केल्यामुळे तीस रुग्णांमागे एकच जाणती परिचारिका पुरेशी आहे असे व्यवस्थापनाला वाटू लागले, आणि उरलेली सगळी ये-जा, म्हणजे दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर चालणारी पायपीट, शिकाऊ मुलींच्या वाट्याला आली.

आरंभीच्या काळात या कक्षांत परिचारिका म्हणावी अशी व्यक्ती क्वचितच असे. जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे हे काम ‘ड्रेसर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांचे होते, औषधे ‘कंपाउंडर’ देत, मलमूत्राची भांडी उचलण्यासाठी जातीने ठरवून दिलेले सफाई कामगार असत, आणि रुग्णाला भरवणे, कूस बदलणे, रात्री जागणे हे सर्व त्याच्या घरच्यांवर सोपवलेले असे. या विभागणीत रुग्णाच्या संपूर्ण स्थितीची जबाबदारी कोणा एकाकडेच नव्हती. ही स्थिती बंगळुरूत दोन वाटांनी बदलली. पहिली वाट ख्रिस्ती भगिनीसंघांची. ‘गुड शेफर्ड’ संघाच्या भगिनींनी १८८६ मध्ये म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर सेंट मार्था रुग्णालय सुरू केले, आणि पुढे १९३७ मध्ये सेंट जोसेफ ऑफ तार्ब या मूळच्या फ्रेंच संघाच्या भगिनींनी सेंट फिलोमिना रुग्णालय स्थापन केले. या संस्थांमध्ये परिचर्या हे व्रत मानले जाई आणि शिकाऊ मुलींकडूनही त्याच वृत्तीची अपेक्षा केली जाई. दुसरी वाट लष्कराची. भारतातील गोऱ्या सैनिकांच्या रुग्णालयांसाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली छोटी तुकडी मार्च १८८८ मध्ये मुंबई बंदरात उतरली. तिच्यातील कॅथरीन ग्रेस लॉक व त्यांच्या सहकारी रावळपिंडीला गेल्या आणि दुसऱ्या गटाला बंगळुरूच्या छावणीत पाठवण्यात आले. प्रत्यक्ष शुश्रूषेबरोबरच लष्करातील पुरुष सेवकांना शिकवणे हेही त्यांच्या कामात मोडत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेचे स्वरूप मुळापासून बदलले आणि त्या बदलाने शिकाऊ परिचारिकेचा दिवस नव्याने घडवला. क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ पासून सुरू झाल्यामुळे शल्यविशारदाला वेळ मिळू लागला होता, परंतु शस्त्रक्रिया झालेला रुग्ण जखमेतील पूमुळे दगावण्याची भीती कायम होती. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखम, हात आणि हत्यारे धुण्याची पद्धत मांडली आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तिची जागा निर्जंतुकीकरणाने घेतली. म्हणजे जंतू मारत बसण्यापेक्षा ते जखमेपर्यंत पोहोचूच नयेत यासाठी कापड, हत्यारे व भांडी वाफेने किंवा उकळून जंतुरहित करण्याची रीत रूढ झाली. या क्रांतीचे श्रेय शल्यविशारदांना मिळाले व ते योग्यच आहे, पण तिला लागणारे श्रम कोणाचे होते हेही पाहिले पाहिजे. थानातून जाळीदार कापड कापून त्याच्या ठरावीक मापाच्या घड्या घालणे, कापसाचे बोळे वळणे, पट्ट्या गुंडाळणे, हे सर्व धातूच्या गोल डब्यांत, म्हणजे ‘ड्रम’मध्ये, वाफ आतपर्यंत जाईल अशा बेताने सैल भरणे, हत्यारे मोजून उकळत्या पाण्यात ठेवणे आणि पुन्हा मोजून बाहेर काढणे ही कामे संपत नसत, आणि दुपारी रुग्ण जरा डोळे मिटून पडले की शिकाऊ मुली टेबलाभोवती बसून तीच करीत. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे रबरी हातमोजेही आधी एका परिचारिकेसाठीच बनवले गेले, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवण्यासारखी आहे: अमेरिकेत १८९० च्या सुमारास विल्यम हॉल्स्टेड यांनी आपल्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटले म्हणून असे मोजे करवून घेतले, आणि त्यांनी रुग्णाचेही रक्षण होते हे ध्यानात यायला आणखी काही वर्षे जावी लागली.

जुन्या शहराच्या, म्हणजे म्हैसूर संस्थानाच्या ताब्यातील ‘पेटे’च्या, बाजूला मोठे रुग्णालय उभे राहिले ते व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने. चामराजेंद्र वाडियार यांचे १८९४ मध्ये अकाली निधन झाल्यानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने कारभार पाहणाऱ्या महाराणी केंपनंजम्मण्णी वाणी विलास सन्निधान यांनी २२ जून १८९७ रोजी कोनशिला बसवली, आणि ८ डिसेंबर १९०० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन झाले. शहाजीराजांच्या वास्तव्यामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या बंगळुरूच्या किल्ल्याच्या परिसरातच हे रुग्णालय आहे, आणि त्याच्या शेजारीच पुढे मिंटो नेत्र रुग्णालय व १९३५ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी वाणी विलास रुग्णालय आले. व्हिक्टोरियाच्या भिंती चढत असतानाच, ऑगस्ट १८९८ मध्ये, बंगळुरूत प्लेग शिरला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वस्त्यांच्या वाढीला त्या आपत्तीने वेग दिला हे सर्वश्रुत आहे. रुग्णालयांच्या दृष्टीने पाहता, घरच्या माणसांच्या भरवशावर रुग्णसेवा चालवता येत नाही आणि शिकलेल्या परिचारिका ऐन वेळी कोठूनही मागवता येत नाहीत, हा धडा प्लेगने संपूर्ण देशालाच दिला.

या शिकाऊ मुली कोण होत्या, या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रक्त, पू आणि विष्ठा हाताळणे, रात्री घराबाहेर राहणे यांपैकी एकेक गोष्टही त्या काळच्या सवर्ण हिंदू व मुसलमान घरांना असह्य होती, आणि म्हणून दीर्घकाळ हा व्यवसाय अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती मुलींनी सांभाळला. बंगळुरूच्या छावणीत या दोन्ही समाजांची मोठी वस्ती असल्यामुळे तेथील रुग्णालयांना उमेदवार मिळणे तुलनेने सोपे गेले. या समाजांतील मुलींनी समाजाची अवहेलना सोसून हे काम उचलले नसते तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेत एकही मोठी शस्त्रक्रिया सुरक्षितपणे पार पडली नसती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. या ऋणाची कबुली आपल्याकडे फार अपुरी दिली गेली आहे.

मराठी प्रदेशातील घडामोडी याच काळाच्या असून त्यांच्याशी तुलना केल्यास बंगळुरूचे चित्र अधिक स्पष्ट होते. मुंबईच्या जे. जे. समूहाच्या रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांची नोंद परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून केली जाते. मिरजेत विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाला १८९७ मध्येच परिचारिकांची शाळा जोडली गेली, आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या या छोट्या संस्थानी गावात शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण येऊ लागले ते एकट्या शल्यविशारदाच्या कौशल्यामुळे नव्हे, हे उघड आहे. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९११ पासून ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी मुली पाठवल्या. त्यांत विधवा होत्या, ब्राह्मण घरांतल्या मुली होत्या, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृहाची सोय करून संस्थेने घरच्यांच्या आक्षेपांना उत्तर दिले. रमाबाईंचे मोठेपण असे की त्यांनी परिचर्येला दयेच्या किंवा मोक्षाच्या मार्गावर न नेता विधवेच्या स्वतंत्र उपजीविकेच्या मार्गावर आणले. जातीची जी भिंत बंगळुरूत इतर समाजांनी वळसा घालून ओलांडली, ती पुण्यात सवर्ण घरांच्या आतून फोडण्याचा प्रयत्न झाला, आणि दोन्ही ठिकाणी तिचा पहिला आघात सोसला तो शिकाऊ मुलींनीच.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या शल्यकक्षांत शिकाऊ परिचारिकेच्या दिवसाचा जो क्रम रूढ झाला होता, तो बराचसा एकसारखा होता आणि तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे. उजाडताच रात्रपाळीकडून कामाचा ताबा घेताना प्रत्येक खाटेपाशी थांबून कोणाला ताप आहे, कोणाची लघवी तुंबली आहे, आज कोणाची शस्त्रक्रिया आहे आणि कोणाला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही हे ऐकून ध्यानात ठेवावे लागे. त्यानंतर तोंड धुणे, अंग पुसणे, चादरी बदलणे आणि पाठीची निगा, म्हणजे एकाच कुशीवर पडून कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून स्पिरिट व पावडर लावून पाठ चोळणे, ही कामे भरभर उरकावी लागत, कारण झाडलोट आणि चादरी झटकणे संपून धूळ खाली बसेपर्यंत कोणतीही जखम उघडायची नाही असा दंडक होता. मग मलमपट्टीची ढकलगाडी, म्हणजे ‘ड्रेसिंग ट्रॉली’, निघे. तिच्या वरच्या फळीवर फक्त निर्जंतुक वस्तू आणि खालच्या फळीवर द्रावणाच्या बाटल्या, पट्ट्या व काढलेले घाण कापड टाकण्याची भांडी अशी मांडणी असे. आधी स्वच्छ टाक्यांच्या जखमा, नंतर नळी घातलेल्या आणि सर्वांत शेवटी पू झालेल्या, हा क्रम मोडला की एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याच्या जखमेत जात, आणि म्हणून खाटांच्या ओळीने सरळ पुढे न जाता मुलीला दालनभर पुढे-मागे फिरावे लागे. त्यातच मोठ्या डॉक्टरांची फेरी आली की हातातले काम सोडून केसपेपर घेऊन उभे राहणे भाग असे.

शस्त्रक्रियेहून परत येणाऱ्या रुग्णाची खाट तयार करणे हे या शिक्षणातले एक महत्त्वाचे प्रात्यक्षिक होते. उशी काढून ठेवायची, अंथरुणावर रबरी कापड घालायचे, पांघरूण एका बाजूला गुंडाळून ठेवायचे म्हणजे रुग्णाला उचलून ठेवताना अडथळा होत नाही, गरम पाण्याच्या पिशव्यांनी अंथरूण ऊबदार करायचे, पण रुग्ण खाटेवर येताच त्या काढून घ्यायच्या, कारण बेशुद्ध माणसाला चटका बसलेला कळत नाही. रुग्ण आल्यावर ओकारी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्याचे तोंड एका कुशीला वळवून शिकाऊ मुलीला त्याच्यापाशी बसवले जाई आणि ती दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजून लिहीत राही. बंगळुरूच्या कक्षात शुद्धीवर येणाऱ्या माणसाचा पहिला शब्द बहुधा ‘नीरु’, म्हणजे कन्नडमध्ये पाणी, हाच असतो. ते द्यायचे नसते, फक्त ओल्या कापडाने ओठ टिपायचे असतात, आणि ‘नोवु इदेया’, म्हणजे दुखते आहे का, असे विचारत त्याला बोलते ठेवायचे असते. नाडी हळूहळू जलद होऊ लागणे, चेहरा पांढराफटक पडणे, रुग्णाने अस्वस्थ होऊन हातपाय हलवणे ही आतल्या रक्तस्रावाची चिन्हे पट्टीवर रक्त दिसण्याच्या कितीतरी आधी उमटतात. ती ओळखून वेळेवर हाक मारणाऱ्या शिकाऊ मुलींनी किती जीव वाचवले याची गणती शस्त्रक्रियांच्या नोंदवह्यांत नाही, कारण त्या वह्यांत शल्यविशारदाचे आणि भूल देणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठीच रकाने होते.

दुसऱ्या महायुद्धात बंगळुरू हे लष्करी रुग्णालयांचे मोठे केंद्र बनले. जलहळ्ळीला तर रुग्णालयांची एक स्वतंत्र वसाहतच उभारली गेली. युद्धाच्या अखेरीस आलेल्या पेनिसिलिनने शल्यकक्षातील पूचे साम्राज्य संपवले, मात्र शिकाऊ मुलीची झोपही हिरावून घेतली, कारण सुरुवातीचे पेनिसिलिन मूत्रावाटे इतक्या लवकर शरीराबाहेर पडत असे की त्याची सुई दर तीन-चार तासांनी, मध्यरात्रीही, टोचावी लागे, आणि प्रत्येक वेळी काचेची पिचकारी व सुई उकळून घ्यावी लागे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन हे औषध देशातच बनू लागल्यावर ते सामान्य वॉर्डातील रुग्णापर्यंत पोहोचले आणि हे कामही त्याबरोबर अनेक पटींनी वाढले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशातील परिस्थिती मांडली ती भयंकर होती: नोंदणीकृत परिचारिका सुमारे सात हजार, म्हणजे सुमारे ४३ हजार लोकसंख्येमागे एक. याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी छावणीचा भाग म्हैसूर संस्थानाकडे परत आल्याने बोरिंग व व्हिक्टोरिया ही दोन्ही रुग्णालये प्रथमच एका शासनाखाली आली. राज्याचा परिचारिका-नोंदणीचा कायदा १९६१ चा. परिषदेने पुढे जी प्रमाणे ठरवली त्यांनुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर सामान्य रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असायला हवी. हे प्रमाण कागदावर आहे. सरकारी शल्यकक्षात एकदा चक्कर मारली की ते किती पाळले जाते हे कळायला वेळ लागत नाही.

खरे स्थित्यंतर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत घडले आणि ते बंगळुरूइतके ठळकपणे क्वचितच अन्यत्र दिसते. आखाती देश, युरोप आणि अमेरिकेत भारतीय परिचारिकांना मागणी वाढली, केरळमधील कुटुंबांनी परिचर्येकडे परदेशी रोजगाराचा मार्ग म्हणून पाहिले, आणि खासगी शिक्षणसंस्थांना मोकळीक देणाऱ्या कर्नाटकात परिचर्या महाविद्यालयांची रीघ लागली. १९९६ मध्ये बंगळुरूत राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही सारी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. केरळ आणि ईशान्य भारतातून हजारो मुली, आणि आता मुलगेही, या शहरात शिकायला येतात. यात जुन्या कराराचे एक टोक पूर्णपणे उलटले. १८६० ची उमेदवार श्रम देई आणि त्याबदल्यात अन्न, निवारा व थोडे पैसे घेई. आजची विद्यार्थिनी श्रमही देते आणि शुल्कही देते, ज्यासाठी घरच्यांनी पुष्कळदा कर्ज काढलेले असते. पदवीनंतर ठरावीक काळ अल्प वेतनावर त्याच संस्थेत नोकरी करण्याचे बंधपत्र लिहून घेण्याची आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथाही देशात अनेक ठिकाणी बोकाळली. प्रशिक्षित परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील वेतनाकडे लक्ष देण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना वीस हजार रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये असे सुचवले. ही शिफारस शिकून बाहेर पडलेल्यांसाठी आहे, शिकणाऱ्यांचा तीत विचार नाही.

कामाचे स्वरूपही हलके झाले, असे मानणे चुकीचे ठरेल. हत्यारे उकळणे आणि ड्रम भरणे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागाकडे गेले, काचेच्या पिचकाऱ्या इतिहासजमा झाल्या, परंतु पूर्वी आतड्याच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जितके दिवस खाटेवर राही तितके आज राहत नाही. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांमुळे तो दोन-तीन दिवसांत घरी जातो, त्याच खाटेवर दुसरा येतो, आणि दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाबरोबर नव्याने तपासणी, संमतिपत्र, दागिने काढून नातेवाइकांच्या हवाली करणे, शस्त्रक्रियेची जागा स्वच्छ करणे आणि प्रत्येक रवानगीबरोबर टाक्यांची काळजी व गोळ्यांच्या वेळा समजावून सांगणे हे चक्र पुन्हा सुरू होते. खाटा तितक्याच राहिल्या, माणसे मात्र वाढली. बरे होऊ लागलेला, शांतपणे पडून असलेला रुग्ण, ज्याच्यामुळे पूर्वी कक्षाला थोडी उसंत मिळे, तो आता घरी असतो आणि कक्षात फक्त नाजूक अवस्थेतलेच उरतात. त्यात २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली शस्त्रक्रिया-सुरक्षेची तपासणी-सूची, आणि १९९८ व २०१६ च्या नियमांनुसार कचऱ्याचे पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या भांड्यांत वर्गीकरण, यांची भर पडली आहे. या दोन्ही गोष्टी अत्यंत आवश्यक आहेत आणि दोन्हींचा बराच भार सर्वांत कनिष्ठ व्यक्तीवर पडतो. शिवाय मणिपूरहून किंवा कोट्टयमहून आलेल्या मुलीला कन्नड, तमिळ, उर्दू व तेलुगू बोलणाऱ्या रुग्णांच्या वेदना समजून घ्याव्या लागतात, आणि हे भाषेचे शिक्षण ती वर्गाबाहेर, खाटेपाशीच, स्वतःच्या जिवावर घेते.

परिचर्येत हाताने काम केल्याशिवाय विद्या येत नाही, ही नाइटिंगेल यांची भूमिका आजही अबाधित आहे आणि शिकाऊ मुलीला कक्षाबाहेर ठेवावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु कक्षाच्या पाळीपत्रकात तिचे नाव पगारी परिचारिकेच्या रिकाम्या जागी लिहिले जाते, तेव्हा तिचे शिकणे आणि रुग्णाची सुरक्षा या दोहोंना एकाच वेळी धक्का बसतो. १८६० च्या कराराने निदान तिच्या जेवणाची आणि निवाऱ्याची हमी दिली होती. शुल्क घेऊन तेच श्रम करवून घेणाऱ्या व्यवस्थेला तेवढाही आधार उरत नाही, आणि म्हणून विद्यार्थिनींना मनुष्यबळाच्या हिशेबातून वगळून त्यांच्या कक्षातील कामाला विद्यावेतन देणे हे २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व सुईणशास्त्र आयोग कायद्याखाली येणाऱ्या नव्या आयोगाचे पहिले काम असायला हवे.